धिंगरीची भाजी पाणचट का होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘मशरूम मसाला’ची कृती छापून आली. साहित्याच्या यादीत ‘मशरूम, कोणतेही, २ वाट्या’ असे होते. कृतीत लिहिले होते की कांदा-टोमॅटोच्या वाटणात मशरूम आणि मीठ घालून, झाकण ठेवून १५ मिनिटे शिजू द्यावे. बटण अळिंबीला हे एकवेळ चालून जाईल. धिंगरीचा, म्हणजे ऑयस्टर मशरूमचा, असा स्वयंपाक केला की ताटात पांढुरके पाणी आणि त्यात वादीसारखे तुकडे येतात. मग घरातले म्हणतात, ‘आम्हाला मशरूम आवडत नाही.’ दोष धिंगरीचा नसतो, ‘कोणतेही’ या एका शब्दाचा असतो.

१०० ग्रॅम ताज्या धिंगरीत सुमारे ९० ग्रॅम पाणीच असते. बटण अळिंबीतही जवळपास तेवढेच असते, पण ती गोल आणि घट्ट असल्याने पाणी सावकाश सोडते. धिंगरीचे पाते पातळ आणि खालून पापुद्र्यांनी भरलेले असते. चटका बसला की दोन-तीन मिनिटांत ती सगळे पाणी टाकून देते. त्यावर झाकण ठेवले की वाफ पुन्हा खाली पडते. मीठ आधीच घातलेले असेल तर पाणी आणखी लवकर सुटते. अशी ती स्वतःच्याच पाण्यात उकळत राहते. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही आणि त्याशिवाय खरपूसपणा येत नाही. धिंगरीची चव तर त्या खरपूसपणातच आहे.

दुसरा मुद्दा पोताचा. बटाटा किंवा वांगे शिजून मऊ होते, कारण त्यांच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते. अळिंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचात असते त्याच द्रव्याची. ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून ‘अजून थोडी शिजू दे, मऊ होईल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांनीही धिंगरीचा गाळ होत नाही. फक्त तिचा अर्क रश्शात उतरतो आणि तुकडे बेचव उरतात. तिला शिजवायचे म्हणजे आधी कोरडे करायचे आणि मग मसाला चाखवायचा.

निवडणे आणि साफ करणे यापासून सुरुवात करू. छत्रीची कडा किंचित आत वळलेली हवी. कडा सपाट झाली, वर उलटली किंवा चिरटली असेल तर तोडणी उशिरा झाली असे समजावे. अशी धिंगरी मोठी दिसते आणि वजनालाही भरते, पण पाते ठिसूळ आणि देठ चिवट होतो. पाकिटाच्या आतून थेंब लोंबत असतील तर घेऊ नये. तोडणीच्या आधी पाणी मारून वजन वाढवण्याची खोड काही ठिकाणी आहे, आणि असा माल दुसऱ्या दिवशीच बुळबुळीत होतो. खालच्या छत्रीवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नये. ते वरच्या छत्रीतून गळलेले बीजाणू असतात. देठाच्या बुडाशी कापसासारखे पांढरे तंतू असतील तर ती बुरशी धिंगरीचीच असते, तेवढा भाग कापून टाकावा. हिरवा किंवा काळा डाग, पिवळट चिकटपणा, आंबूस किंवा अमोनियासारखा वास यांपैकी काहीही असेल तर मात्र पूर्ण पाकीट टाकून द्यावे. चांगला भाग वेगळा काढण्याची काटकसर इथे करू नये.

घरी आणल्यावर प्लास्टिक काढून धिंगरी कागदी पिशवीत किंवा सुती फडक्यात सैलसर गुंडाळावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. धुऊन ठेवू नये. पांढरी फ्लोरिडा आणि करडी साजोर-काजू या धिंगरीच्या जाती तीन-चार दिवस टिकतात. गुलाबी धिंगरी दिसायला देखणी असते, पण ती त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वापरावी. शिजताना तिचा गुलाबी रंग जातो, त्यामुळे केवळ रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत. कच्ची धिंगरी डीप फ्रीझरमध्ये टाकली तर सुटल्यावर तिची लापशी होते. ठेवायचीच असेल तर आधी कोरडी परतून, गार करून ठेवावी.

धुण्यावरून घरोघरी वाद असतात. काडावर वाढलेल्या धिंगरीला माती लागलेली नसते, फार तर काडाचा एखादा तुकडा चिकटलेला असतो. तो झटकून ओल्या फडक्याने पुसले तरी पुरते. मन मानत नसेल तर अख्खा गुच्छ देठाला धरून, पापुद्रे खाली करून नळाखाली दोन-तीन सेकंद धरावा आणि लगेच फडक्यावर पसरावा. भाजीसारखी पाण्यात बुडवून मात्र ठेवू नये, पापुद्र्यांत पाणी अडकते आणि ते कढईतच बाहेर येते.

गुच्छाचे जोडलेले बूड सुमारे १ सेंटिमीटर कापून टाकावे. त्याच्या वरचा देठ पातळ चकत्या करून वापरता येतो किंवा वाळवून भुकटीसाठी ठेवता येतो. छत्री सुरीने चिरू नये. देठाकडून कडेकडे, पापुद्र्यांच्या रेघांच्या दिशेने हाताने फाडावी, दोन बोटे रुंद पट्ट्या निघतील अशी. फाडलेल्या कडा खडबडीत असल्याने त्यांना मसाला धरतो. किंग ऑयस्टर ही धिंगरीची जात मात्र उलटा गडी आहे. त्याचा जाड पांढरा देठच खायचा असतो, त्याच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या गोल चकत्या कराव्यात. ‘कोणतेही’ लिहिणाऱ्याने हा देठ टाकून दिला तर पाकिटातला बहुतेक ऐवज कचऱ्यात जाईल.

आता मूळ काम. पुढची मापे ४०० ग्रॅम धिंगरीची, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या २०० ग्रॅमच्या दोन पाकिटांची आहेत. वाटीचे माप इथे निरुपयोगी आहे. फाडलेली धिंगरी मोठे पातेले भरून दिसते आणि परतल्यावर दोन वाट्यांतही भरत नाही. पसरट लोखंडी कढई किंवा मोठा तवा मोठ्या आचेवर चांगला तापवावा. तेल नको, मीठ नको. निम्मी धिंगरी एका थरात पसरावी आणि मिनिटभर हलवू नये. मग उलटत राहावे. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पाणी सुटू लागेल. इथेच बहुतेक जण घाबरून आच कमी करतात, आणि नेमके तेच करायचे नाही. पाणी आटू द्यावे. सहा ते आठ मिनिटांत चरचर थांबते, कडा तांबूस होतात आणि वजन निम्म्याच्या आसपास येते. ही धिंगरी काढून दुसरा घाणा करावा. दोन्ही घाणे एकदम टाकले तर कढई थंड पडते आणि परतण्याऐवजी वाफवणे होते. घाई करणाऱ्याची इथेच फजिती होते, आणि वर दोष आचेला दिला जातो.

सुक्यासाठी त्याच कढईत २ टेबलस्पून तेलावर २ मध्यम कांदे बारीक चिरून लालसर परतावेत. १ चमचा आले-लसूण, पाव चमचा हळद, दीड चमचा कांदा-लसूण मसाला आणि अर्धी वाटी किसलेल्या सुक्या खोबऱ्याचे भाजून केलेले वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे. मग कोरडी केलेली धिंगरी, पाऊण चमचा मीठ, २ आमसुले आणि फार तर पाव वाटी गरम पाणी घालावे. पाच मिनिटे, झाकण न ठेवता. मीठ शेवटी घालण्याचे कारण पाणी सुटण्यापुरतेच नाही. कच्च्या ढिगाकडे पाहून मीठ घातले की ढीग आक्रसल्यावर भाजी खारट होते. नवख्यांच्या हातून होणारी ही सर्वांत नेमाची चूक आहे.

रस्सा करायचा तर रस्सा वेगळा पूर्ण उकळून घ्यावा आणि परतलेली धिंगरी वाढण्यापूर्वी पाच-सात मिनिटे आधी त्यात सोडावी. ती मसाल्याचे पाणी शोषून घेते, म्हणून रस्सा नेहमीपेक्षा जरा पातळ ठेवावा. टोमॅटो आणि काजूची दाट ग्रेव्ही तिला फारशी मानवत नाही असे आमचे मत आहे, तिची स्वतःची चव त्यात बुडून जाते. खोबरे, तीळ, काळा मसाला यांच्याशी तिचे चांगले जमते. पुलावात ती तांदळाबरोबर शिजवू नये, दम देताना वरून पसरावी.

भजी हा वेगळा विषय, कारण तिथे धिंगरी आधी परतायची नसते. २०० ग्रॅम धिंगरी रुंद फाडून फडक्यावर अर्धा तास पसरून ठेवावी. १ वाटी बेसन, २ टेबलस्पून तांदळाचे पीठ, ओवा, तिखट आणि मीठ एकत्र करून अर्ध्या वाटीपासून सुरुवात करत लागेल तसे पाणी घालावे, पीठ बोटाला जाडसर चिकटेल इतके. मीठ पिठातच घालावे, धिंगरीला चोळू नये, नाहीतर तुकडे पाझरतात आणि पिठाचे आवरण सुटून तेलात वेगळे तरंगते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे तुकडे आधी कोरड्या बेसनात घोळवून मग पिठात बुडवणे. तेल मध्यमापेक्षा थोडे जास्त तापलेले हवे. एकदा फिकट तळून काढावीत, पाच मिनिटांनी पुन्हा मोठ्या आचेवर मिनिटभर तळावीत. पहिल्या तळणीत आतले पाणी बाहेरच्या पापुद्र्यात येते, ते दुसऱ्या तळणीत उडते. एकदाच तळलेली भजी ताटलीत येईपर्यंत मऊ पडतात.

कच्च्या सॅलडबद्दलही लिहायला हवे, कारण अशा पाककृती हल्ली सर्रास दिसतात. धिंगरी कच्ची खाऊ नये. तिच्यात ऑस्ट्रिओलायसिन नावाचे प्रथिन असते. प्रयोगशाळेत ते तांबड्या रक्तपेशी फोडते असे दिसले आहे आणि उष्णतेने ते निकामी होते. शिवाय कच्ची धिंगरी पोटाला जड जाते. नीट परतलेल्या धिंगरीबाबत ही चिंता नाही. तरीही पहिल्यांदाच खाणाऱ्याने आधी थोडी खाऊन पाहावी, काहींना अळिंबीची ॲलर्जी असते.

वाळवलेली धिंगरी आपल्याकडे दुर्लक्षित आहे, आणि आमच्या मते स्वयंपाकाला तीच अधिक सोयीची आहे. १० किलो ताज्या धिंगरीची साधारण १ किलो वाळलेली होते, म्हणजे २० ग्रॅम वाळलेली २०० ग्रॅम ताज्याच्या बरोबरीची. वाळवताना उष्णता ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान ठेवावी. लवकर आटपावे म्हणून सुरुवातीलाच जास्त तापवले तर बाहेरचा थर कडक होऊन आतला ओलावा कोंडला जातो. वरून कुरकुरीत दिसणाऱ्या अशा मालाला डब्यात बुरशी येते. वाकवल्यावर तुकडा वाकला तर अजून ओला आहे, कडकन मोडला तर झाला. पावसाळ्यात उन्हावर विसंबू नये. दिवसा वाळते आणि रात्रीच्या हवेत पुन्हा सर्द होते. कोकणातल्या घरात तर बंद डब्याशिवाय ती टिकतच नाही.

वापरताना कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटे भिजवावी, पिळून घ्यावी आणि मग थेट फोडणीत परतावी. तिला कोरडे करण्याची पायरी लागत नाही. भिजवलेले पाणी ओतून देऊ नये. गाळून आमटीत, सारात किंवा भात शिजवायला वापरावे, त्यात खमंगपणा उतरलेला असतो. देठ वाळवून मिक्सरमध्ये बारीक केले की भुकटी होते. चार माणसांच्या आमटीला १ ते २ चमचे पुरतात. थालीपिठाच्या १ किलो भाजणीला ५० ग्रॅम घालावी, त्यापेक्षा जास्त घातली तर थापताना थालीपीठ चिरते. भुकटी हवेतला ओलावा पटकन ओढते, म्हणून ओला चमचा बरणीत घालू नये.

लोणच्याबाबत एक सावधगिरी. धिंगरी आंबट नसते. नुसत्या तेलात बुडवून ती घरातल्या तापमानाला ठेवली तर हवा नसलेल्या जागेत बोट्युलिझम या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे विष चवीत किंवा वासात जाणवेलच असे नाही. लोणच्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस भरपूर हवा, आणि घरी केलेले लोणचे फ्रिजमध्येच ठेवून आठवड्याभरात संपवावे. आंब्याच्या लोणच्याचा अनुभव इथे कामाचा नाही, कैरी स्वतःच आंबट असते.

त्याच पानावर चौकटीत ‘मशरूममध्ये ३० टक्के प्रथिने’ असे छापले आहे. हा आकडा वाळलेल्या वजनाचा आहे, तोही वरच्या टोकाचा. १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत प्रथिने सुमारे ३ ग्रॅम असतात, तेवढ्याच पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. धिंगरी खावी ती चवीसाठी, तंतूंसाठी, कमी उष्मांकांसाठी. डाळ बंद करून तिच्यावर भिस्त ठेवू नये, बी-१२ साठी तर नाहीच. मशरूममधून ड जीवनसत्त्व मिळते हे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. खोलीत वाढलेल्या धिंगरीत ते नगण्य असते. पण तिच्यात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे ड-२ बनते. म्हणून फाडलेली धिंगरी शिजवण्याआधी दुपारच्या उन्हात पापुद्रे वर करून अर्धा-पाऊण तास ठेवावी. काचेच्या खिडकीआड ठेवून उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

आपल्या लेखात ‘आजी करायची ती पावसाळी अळंबीची भाजी’ असाही उल्लेख आहे. ती अळंबी ही नव्हे. कोकणात पावसाळ्यात रानात येणारी अळंबी, गोव्यातली अळमी, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सात्या या बहुतांशी टर्मिटोमायसिस गटातल्या आहेत. वाळवीच्या वारुळाच्या आधारानेच त्या उगवतात, म्हणून त्यांची शेती होत नाही. त्यांचे पोत मऊ, वास वेगळा, आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात थेट शिजवण्याची त्यांची रीत त्यांच्यापुरती बरोबरच आहे. ती रीत जशीच्या तशी धिंगरीला लावली की पुन्हा पाणचट भाजी. धिंगरी मूळची लाकूड कुजवणारी बुरशी. युरोपात पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जर्मनीत तिच्या लागवडीचे प्रयोग झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर तिच्या भाईबंदाची लागवड केली गेली. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ती नवखी आहे आणि तिची रीत अजून बसायची आहे. रानातून दिसायला सारखी म्हणून काहीतरी आणून तिच्या जागी वापरू नये. जपानमध्ये धिंगरीसारखी दिसणारी त्सुकियोताके ही विषारी अळिंबी खाऊन वारंवार विषबाधा होते, आणि ती खाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या अळिंबी ओळखणारे आहेत.

विक्रेत्यांकडून आणि उत्पादकांकडून, म्हणजे आमच्याकडूनही, दोन गोष्टी मागाव्यात. पाकिटावर पॅकिंगची नव्हे, तोडणीची तारीख हवी. आणि काड कशाने निर्जंतुक केले, वाफेने की कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मलिन (जंतुनाशक) या रसायनांच्या पाण्याने, हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे. दुसरी पद्धत आपल्याकडे शिफारशीतही आहे आणि स्वस्त म्हणून सर्रास वापरलीही जाते. पण ताटात काय येते आहे हे खाणाऱ्याला कळलेच पाहिजे. तोडणीची तारीख नसलेले पाकीट फ्रिजमध्ये चार दिवस टिकेल की एक, हे कुणीच सांगू शकत नाही.

आपल्या पाककृतीत पुढच्या वेळी एवढा बदल करावा: ‘मशरूम, कोणतेही, २ वाट्या’ याऐवजी ‘धिंगरी ४०० ग्रॅम, हाताने फाडलेली, दोन घाण्यांत कोरडी परतलेली’. आणि ‘झाकण ठेवून’ हे शब्द काढून टाकावेत.

आपले,
धिंगरी पिकवणारे व तिच्यावर प्रक्रिया करणारे काही वाचक,
पुणे जिल्हा